भोईवाड्याची पुडी

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. रविवार आहे, जेवणं झाली आहेत, आई आतल्या खोलीत पडली आहे. हो, आतली खोली. लालबागची आपली चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला आणि आम्हा चाळकऱ्यांना त्याच्या मागच्या इमारतीत सतराव्या मजल्यावर जागा मिळाली. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी लिफ्टवाल्याशी वाजलं असतं तुमचं. तुम्हाला भांडायला कारण कधी लागायचंच नाही. रंगखात्यातल्या साहेबाला, "गिरणी काय तुझ्या बापाची?" असं तोंडावर विचारणारे तुम्ही. रेशनवाल्याचा काटा धरून ठेवणारे तुम्ही. गणपतीच्या मंडपात अध्यक्षाच्या हातातला माइक काढून घेणारे तुम्ही. आणि जिथे एकदाच, आयुष्यात एकदाच तोंड उघडायला हवं होतं, तिथे मूग गिळून बसलात. माझ्यासाठी बसलात, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

तुम्हाला आठवतंय का, मी लॅबचा डिप्लोमा पास झाले तेव्हा तुम्ही मला पांढरा कोट शिवून दिला होता? गिरणी बंद पडायच्या आधी आणलेलं कापड तुम्ही ट्रंकेत जपून ठेवलं होतं, ते खालच्या शिंप्याकडे नेलंत आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून कोट शिवून घेतलात. त्यानं खिसे इतके मोठे केले होते की त्यात भाजी मावली असती. तो घालून मी दादरच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी गेले तेव्हा सगळ्या पोरी हसल्या, आणि मी दुसऱ्या दिवशी तयार कोट विकत घेतला. तुम्हाला सांगितलं की तो धुवायला टाकलाय. महिनाभर तो धुवायलाच होता. तुम्ही विचारलंतही नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हा माणूस जगाशी भांडतो आणि माझ्यापुढे आला की गप्प होतो. पण मी तेव्हा कुठली कळून घ्यायला! चाळीतली पहिली डिप्लोमावाली मी. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते, दुसरं काय.

तुमची पहिली कावीळ त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी झाली. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अंगाला खाज. आई गिरगावची, तिच्या माहेरी कावीळ झाली की कोणीतरी हातावर चुना चोळून ती उतरवायचं, तसं तिनं तुम्हालाही नेऊन आणलं. मी कपाळाला हात लावला. रक्त तपासलं, बिलिरुबिन वाढलेलं, पण तीन आठवड्यांत ते आपोआप खाली आलं. आई म्हणाली चुन्यानं उतरली. शेजारच्या काकू म्हणाल्या उसाच्या रसानं. मी म्हटलं विषाणूची असेल, येते आणि जाते. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं की त्याच तीन आठवड्यांत तुम्ही भोईवाड्याच्या वैद्याकडून गुडघ्यांसाठी पुड्या आणायला लागला होतात, रोज सकाळी एक, मधातून.

पुड्या मला दिवाळीच्या साफसफाईत सापडल्या. पोह्यांच्या डब्याच्या मागे, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, चाळीसेक तरी. मी ओट्यापाशी उभी आहे. आई करंज्यांचं सारण परततेय. तुम्ही मोरीच्या उंबऱ्याशी पाटावर बसून दाढी करताय, आणि तुमचं तोंड आरशात गोल दिसतंय. दोन महिन्यांत तुमचे गाल भरले होते, आई खूश होती की बाबांनी अंग धरलं. मी एक पुडी उघडली, बोटानं चाटली, कडूजहर. आणि माझं डोकंच फिरलं. "बाबा, ह्याच्यात स्टिरॉइड असतं! हे भोंदू लोक गोळ्या कुटून घालतात ह्याच्यात! तोंड बघा तुमचं, सुजलंय ते, अंग नाही धरलेलं!" तुम्ही वस्तरा खाली ठेवलात आणि म्हणालात, "गो, त्या पुडयेन माझे गुडघे चलतत. तुझ्या लॅबान काय दिल्यान माका?" मी एकेक पुडी फोडून मोरीत ओतली. चाळीसच्या चाळीस. तुमच्या समोर, तुमच्या अर्ध्या दाढीसमोर. शेवटी म्हणाले, "माझ्या लॅबमधल्या लोकांना कळलं ना, की माझा बाप भोंदूच्या पुड्या खातो, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला." तुम्ही आईकडे बघितलंत आणि म्हणालात, "ती शिकलली आसा. तिका ठावक." आणि राहिलेली अर्धी दाढी केलीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. जग इकडचं तिकडे करणारा माणूस, माझ्या एका वाक्यापुढे गार.

त्यात किती मूर्खपणा होता ते मला नंतर कळलं. स्टिरॉइड असं एका झटक्यात बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं, हे डिप्लोमाच्या पुस्तकात नव्हतं. पण विचारता आलं असतं कोणाला तरी. विचारलं असतं तर मात्र पुड्यांचं सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकली.

दीड महिन्यात कावीळ परत आली आणि ह्या वेळी हटेना. सोनोग्राफी झाली, सीटी झाला, परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला. यकृतातून पित्त खाली आणणाऱ्या नळ्या जिथे एकत्र मिळतात, तिथेच तुमची नळी आवळली होती. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी आत प्लास्टिकची नळी बसवली, ब्रशने पेशी खरवडल्या, चिमटीएवढा तुकडा काढला. मग आपण तिघं सर्जनसमोर बसलो. मी नवा कोट घडी करून हातावर घेऊन गेले होते, दिसावा म्हणून. तो बघून सर्जन माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले आणि मी फुगले. बाबा, खरं सांगते, तुमच्या आजाराच्या त्या खोलीत मी फुगले. ते म्हणाले, फोटो अगदी नमुनेदार आहे, पित्तनळीचा कॅन्सर, फक्त तुम्हाला कळू नये म्हणून 'मॅलिग्नन्सी' म्हणाले. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, नुसता दाह दिसतोय, पण तुकडा लहान असतो, चुकतो. मग त्यांनी मराठीत तुम्हाला विचारलं, "काका, आधी कावीळ झाली होती ना? ती कशी गेली? काही गावठी औषध, काढा, पुड्या, कसलं काही घेत होतात?"

तुमचं तोंड उघडलं होतं. मी बघितलं. तुमचा उजवा हात नेहमीसारखा वर आला होता, बोलायच्या आधी यायचा तसा. आणि मी मध्येच म्हणाले, "काही नाही. आपोआप गेली."

तुम्ही हात खाली घेतलात. माझ्याकडे बघितलंत, मग सर्जनकडे बघून मान हलवलीत. का हलवलीत? अहो, मरणाची गोष्ट चालली होती! साहेबाच्या खुर्चीसमोर उभं राहून पगारवाढ मागणारा माणूस तुम्ही, म्हणायचं ना तिथल्या तिथे, "नाय डॉक्टर, पोरगी खोटा बोलता." मी घरी येऊन आठ दिवस अबोला धरला असता, झालं. तेवढंच झालं असतं. पण नाही. पोरीचा कोट मळेल म्हणून बापानं जीभ आवळली. आणि आईही तिथेच बसलेली, तीही गप्प. तिघांच्या तिघांना ठाऊक होतं आणि तिघंही देवळातल्यासारखे हात जोडून बाहेर आलो.

पुढचे चार महिने मी लिहीत नाही, तुम्ही ते भोगलेत. नळी बसवल्यावर पंधरा दिवस बरं वाटलं, मग ती तुंबली, दुसरी घातली, तीही तुंबली. ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले. तुम्हाला कोणी कॅन्सर हा शब्द सांगितला नव्हता, आणि तुम्ही तो कोणाला विचारला नाहीत. एवढंच लिहिते की मार्चमध्ये एकदा तुम्ही कॉटवर उताणे पडून आईच्या बांगडीनं पोट खाजवत होता आणि मला म्हणालात, "एक पुडी आणून दी गो. खाज तरी थांबात." मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. तुम्ही पुन्हा मागितली नाहीत. एप्रिलमध्ये गेलात.

त्यानंतर मी पुढे शिकले, दादरची लॅब सोडली, परळच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजीत लागले. आता तिथली सगळ्यांत जुनी टेक्निशियन आहे मी. माणसांच्या शरीरातले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचे. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण डोळा असा की विचारू नका. तुमचा विषय मी कधी काढला नाही. घरी "कॅन्सरनं गेले" आणि बाहेर "कॅन्सरनं गेले", संपलं.

ते उकरून काढलं दोन महिन्यांपूर्वी एका भाजीवालीनं. दादरला निवडलेली भाजी विकते ती, सोललेले वाल, खुडलेली मेथी, ऑफिसातल्या बायकांसाठी. नवऱ्याचं रक्त द्यायला आमच्या काउंटरवर आली. नवरा हळदीसारखा पिवळा, माहीमला सुतारकाम करायचा, पॉलिशच्या वासात जन्म गेलेला. फॉर्मवर लिहिलं होतं, पित्तनळीचा कॅन्सर असावा, तपासा. मी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? तिनं ब्लाउजमधून पाकीट काढलं, पाकिटातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या रजिस्टरवर आपटली. "हे लिवा. ह्याने ह्यांचं पिवळेपण गेलं होतं. बंद केली तर परत आलं. वरच्या डॉक्टरला पण दाखवलं मी."

मी विचारलं, "डॉक्टर ओरडले नाहीत?"

"ओरडले ना! अडाणी बोलले मला. मग?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की हिला एवढं साधं कसं कळत नाही. "नवरा माझा मरतोय ताई. लाज धरून काय करू? लाज काय उद्या भाकरी घालणारे मला?"

मी पुडी हातात घेतली. त्यानंतर तिनं मला दोनदा पाणी हवंय का विचारलं म्हणे. मला ते ऐकू आलेलं नाही.

त्या पुडीनं तिच्या नवऱ्याचं सगळं बदललं. पुडीतल्या स्टिरॉइडनं कावीळ उतरली असेल तर हा कॅन्सर नसेलही, अशी डॉक्टरांनी शंका घेतली. एक वेगळाच आजार असतो बाबा, तुमच्या वेळी फार थोड्यांना माहीत होता. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच पित्तनळीच्या भिंतीत गर्दी करतात, भिंत सुजते, कडक होते आणि नळी आवळते. सीटीत दिसतो हुबेहूब कॅन्सर. कावीळ तशीच, खाज तशीच, वजन तसंच उतरतं. बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना होतो, आणि जन्मभर रंगात, तेलात, रसायनात राबलेल्यांना जास्त होत असावा असं डॉक्टर लोक म्हणतात. रंगखातं, बाबा. रसायनाच्या वाफेत तुमची किती वर्षं गेली ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि ह्या आजाराला औषध काय, तर स्टिरॉइड. महिन्याभरात माणूस उठून बसतो.

मॅडमनी मला सगळं समजावलं, मी विचारत राहिले म्हणून. रक्तात आयजीजी-फोर नावाचं प्रथिन वाढलेलं असतं, पण कॅन्सरमध्येही कधी कधी वाढतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तुकडा रंगवला की ते प्रथिन बनवणाऱ्या पेशी तपकिरी दिसतात, त्या मोजायच्या. पण थोड्या कॅन्सरमध्येही असतात. स्वादुपिंड सुजलंय का बघायचं, लाळेच्या ग्रंथी बघायच्या. सगळं एका रांगेत आलं तरी आधी कॅन्सर नाही ह्याची होईल तेवढी खात्री करायची, मगच गोळ्या द्यायच्या, आणि दोन-तीन आठवड्यांत परत सीटी काढायचा. नळी मोकळी झाली तर ठीक, नाही तर पुन्हा कॅन्सरच्या मागे लागायचं. "दोघांचं सोंग सारखं आहे," मॅडम म्हणाल्या. "एकाला गोळी, दुसऱ्याला सुरी. अदलाबदल झाली की दोघंही गेले."

सुतार उठला. तीन आठवड्यांनी पिवळेपण गेलेले डोळे घेऊन आला, बायकोच्या मागे मागे, लाजत. ती काउंटरवर माझ्यासाठी खुडलेल्या मेथीची पिशवी ठेवून गेली. मी ती मेथी घरी आणली आणि आईनं तिची भाजी केली, आणि पहिल्या घासानंतर मी ताट बाजूला सारलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिनं अडाणी म्हणवून घेतलं आणि नवरा वाचवला. मी डिप्लोमावाली, मी बापाला मारला. हेच एक वाक्य डोक्यात, भांडी घासताना, बसमध्ये, स्लाइड रंगवताना. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या.

तुमची फाइल आईकडे होती. तुम्हाला आठवत असेल, हॉस्पिटलवाले तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड घरच्यांकडे देतात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला. आपण तो कोणाला दाखवलाच नव्हता. मी आईला म्हटलं, बाबांची फाइल दे. आई आता ऐंशीला टेकलीय, पण नजर तीच. "कशाला? मेलेल्या माणसाच्या चौकशा?" मी म्हटलं, काम आहे. तिनं कपाटातून साड्यांच्या खालून ती काढली, आणि देताना म्हणाली, "तुला घाबरायचे गं ते."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा. तू कामावरून यायची वेळ झाली की मला म्हणायचे, ती खाट नीट कर, तो पंचा उचल, डॉक्टरीण येईल. हॉस्पिटलात जायचं असलं की म्हणायचे, माझ्या तोंडून काही वेडंवाकडं निघायला नको, तिला खाली बघावं लागेल."

मी म्हटलं, तू मला तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मीही घाबरायचेच की." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

फाइल आणून मी पंधरा दिवस लॉकरमध्ये ठेवली. भीती कसली ते सांगायला नको. जुना रिपोर्ट मी आता वाचला तेव्हा मला प्रत्येक शब्द ओरडून सांगत होता: दाह, तंतू, पेशींची गर्दी, कॅन्सर दिसत नाही. वीस वर्षांपूर्वी ह्याच ओळी वाचून मी म्हटलं होतं, तुकडा चुकला. शेवटी एका मंगळवारी मी ब्लॉक मशीनवर लावला. बाबा, मी हजारो ब्लॉक कापले असतील. हात कधी थरथरला नाही, त्या दिवशीही नाही थरथरला, सवय फार वाईट असते. पिवळ्या मेणात तांदळाच्या कणीएवढा तुमचा तुकडा. मी वरचे काप घेतले, मग आणखी खोल गेले, जिथवर जुन्या लॅबवाल्यांनी कधी कापलंच नव्हतं. साधा रंग दिला, काही काप त्या तपकिरी रंगाला दिले, आणि जुनी केस आहे, शिकायला हवीय, असं सांगून मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. दोघींना एकदम बघता येतं असं सूक्ष्मदर्शक आहे त्यांचं, मी समोर बसले. आधी तपकिरी स्लाइड. पेशी होत्या. मॅडम मोजत गेल्या आणि म्हणाल्या, "विरळ आहेत. एवढ्यावर नाही म्हणता येत." मग त्यांनी खोलवरचा काप लावला, सावकाश सरकवत नेला, आणि थांबल्या. "हे बघ. नर्व्हच्या भोवती. वेड्यावाकड्या ग्रंथी, तीन, इथे चौथी. वरच्या कापांत नव्हत्या, म्हणून तेव्हा दिसल्या नसतील. कॅन्सर आहे हा. काही प्रश्नच नाही."

मी विचारलं, "पण कावीळ स्टिरॉइडनं गेली होती मॅडम. तीन आठवड्यांत."

"जाते कधी कधी. गाठीच्या आजूबाजूला सूज असते, ती उतरते, पित्ताला थोडी वाट मिळते, माणसाला भूक लागते, बरं वाटतं. म्हणून तर लोक फसतात. दोन-चार महिन्यांनी पुन्हा आवळली असतीच नळी." मग त्यांनी डोळे वर केले. "कोणाची केस आहे ही?"

"माझ्या वडिलांची."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, सॉरी. मी काय केलं ते तुम्हाला सांगते. मी हसले. चांगली दात दाखवून हसले. तिथून उठून कँटीनमध्ये गेले, वडा-उसळ घेतली, वर चहा, आणि पुन्हा एक वडा. दीड महिन्यात पहिल्यांदा अन्नाला चव लागली. माझ्या बापाला कॅन्सर होता, बापाला कॅन्सरच होता, मी नाही मारला, असं मनातल्या मनात म्हणत मी पाव मोडत होते. एखाद्याचा बाप वाचल्यावर जसं होतं तसं झालं होतं मला. लाज वाटते का आता? वाटते. पण तेव्हा नाही वाटली.

घरी येऊन आईला सांगितलं. चपला काढायच्या आधी सांगितलं. आई देवापुढे वाती वळत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, सुतार, भाजीवाली, पुडी, खोलवरचा काप, की मला वाटत होतं माझ्यामुळे गेले, पण नाही, ते जाणारच होते, पुडी घेतली असती तरी गेले असते, न घेताही गेलेच. तिनं ऐकलं. दोन-तीन वाती वळल्या. मग म्हणाली, "म्हणजे जाणारच होते."

"हो गं."

"आणि त्या पुडीनं भूक लागायची त्यांना. बरं वाटायचं."

"थोडे दिवस."

"मग द्यायची होतीस ना गं एक," आई म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज, भाजीत मीठ घालायचं राहिलं म्हणावं तसं. "मागत होते तर."

मी तिला म्हटलं, स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात. खरंच म्हटलं. महिन्याभरात मरणाऱ्या माणसाच्या हाडांची काळजी. आईनं वाती डब्यात भरल्या आणि उठली. मी मात्र तेव्हापासून बसले आहे. दहा-अकरा दिवस झाले, काम करते, जेवते, बोलते, आणि बसलेलीच आहे. कॅन्सर निघाला तेव्हा सुटले असं वाटलं होतं. आता बघते तर, सुतारासारखं झालं असतं तर निदान म्हणता आलं असतं की मला ठाऊक नव्हतं, तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, आजारच नवा होता. ह्याला काय म्हणू? खाज सुटलेल्या माणसानं एक पुडी मागितली होती. ती द्यायला कुठला रिपोर्ट लागत होता?

हे पत्र मी फाइलीत ठेवणार नाही, आईला सापडेल. तुमच्यापर्यंत ते जायचंही नाही, मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि पितृपक्षात पान वाढते ते फक्त आईसाठी. कामावर कागद बारीक करायचं मशीन आहे, उद्या त्यात घालेन. त्याआधी एवढंच, की मार्चमधल्या त्या दुपारी माझ्या डोक्यात तुमची हाडं नव्हती, स्टिरॉइड नव्हतं, काहीच नव्हतं. तुम्ही आयुष्यात कोणापुढे हरला नव्हता आणि माझ्यापुढे हरला होता, आणि मला ते आवडलं होतं.